डोंगरमाथा आणि आठवड्याची सुटी

डोंगर चढणे हा रिकामटेकड्यांचा षोक आहे, असा समज आपल्याकडे बराच रूढ आहे. ज्याला सहा दिवस अंगमेहनत करावी लागते, त्याने सातव्या दिवशी पुन्हा घाम का गाळावा, असा सवाल कामगारवस्तीत आम्हांला नेहमी ऐकू येतो. सवाल रास्त आहे. त्याचे उत्तरही सरळ दिले पाहिजे.

यंत्रापुढे उभा असलेला माणूस यंत्राच्या वेगाने हात हलवतो. वेग यंत्राचा, वेळ मालकाची, माल बाजाराचा. त्यात कामगाराचा म्हणावा असा फक्त घामच. डोंगरावर याच्या उलट होते. कोठे थांबावे, किती चालावे, शिदोरी केव्हा सोडावी, हे सारे तो स्वतः ठरवतो. श्रम तेच, पण धनी बदलला. थकवा दोन्हीकडे येतो. एक थकवा माणसाला मोडतो, दुसरा त्याला गाढ झोप देतो.

मात्र हे घडायला हाती एक अख्खा दिवस हवा, आणि तो दिवस कोणी फुकट दिलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली मुंबईच्या गिरणीकामगारांची संघटना उभी केली. तेव्हा गिरण्यांत कामगारांना आठवड्याची ठरलेली सुटी नव्हती. सहा वर्षांच्या खटपटीनंतर 10 जून 1890 रोजी रविवारची सुटी मान्य झाली. पुढे 1948 च्या कारखाने कायद्याने आठवड्याचे कमाल तास 48 ठरवले. आज जो तरुण पाठीवर पिशवी टाकून रविवारी आसनगावच्या लोकलमध्ये चढतो, त्याच्या तिकिटाचा अर्धा पैसा लोखंड्यांनी भरला आहे, असे आम्ही समजतो.

युरोपातही हीच गोष्ट दिसते. आल्प्सच्या शिखरांवर प्रथम गेली ती बहुतेक पैसेवाली मंडळी. त्यांच्यासाठी वाटाडे होते, हमाल होते, हॉटेले होती. 1895 साली व्हिएन्ना शहरात एक शिक्षक, एक लोहार आणि एक विद्यार्थी यांच्या पुढाकाराने कामगारांचा ‘निसर्गमित्र’ संघ निघाला. डोंगरात स्वतःच्या वर्गणीने आणि स्वतःच्या हातांनी त्यांनी विश्रामगृहे बांधली. वाटेत भेटले की ते एकमेकांना ‘डोंगर मोकळा’ या अर्थाचे शब्द म्हणून अभिवादन करीत. 1933 साली हिटलरची सत्ता आली आणि जर्मनीत या संघावर बंदी आली. सहलीला जाणाऱ्यांची हुकूमशहाला भीती का वाटावी? कारण एकत्र चालणारी माणसे एकत्र बोलतात. इंग्लंडात 24 एप्रिल 1932 रोजी मँचेस्टरकडील शेकडो तरुण कामगार जमीनदारांनी शिकारीसाठी राखून ठेवलेल्या किंडर स्काउट या पठारावर मनाई मोडून चढले. पाच जणांना तुरुंगवास झाला. डोंगर सर्वांचा, हा विचार त्यानंतर तिकडे दाबता आला नाही.

आता आपल्या शहापूर-मुरबाडकडे वळू. आल्प्सइतकी उंची आपल्याकडे नाही, बर्फ तर नाहीच. पण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून झालेला हा काळा कातळ चढणाऱ्याची परीक्षा पाहायला पुरेसा आहे. मऊ थर झिजतो, कठीण थर उभा राहतो. म्हणूनच सह्याद्री पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो, एका टप्प्यावर झाडी आणि दुसऱ्यावर उभा कडा.

आसनगाव स्टेशनापासून जवळ असलेला माहुली हा पहिल्या चढाईला योग्य. पळसगड, माहुली आणि भंडारगड असे त्याचे तीन भाग, आणि बाजूला नवरा-नवरी, भटोबा हे सुळके. 1636 साली निजामशाही वाचवण्याची शहाजीराजांची शर्थ याच गडावर संपली. शिवाजी महाराजांनी गड घेतला, 1665 च्या पुरंदरच्या तहात तो द्यावा लागला आणि 1670 साली पुन्हा स्वराज्यात आला.

मुरबाड तालुक्यात वैशाखऱ्याहून नाणेघाटाची फरसबंद वाट चढते. कल्याण-सोपाऱ्याचा माल याच वाटेने जुन्नरकडे जाई. घाटमाथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील लेख आहे. त्यात यज्ञांत दिलेल्या दक्षिणेचे आकडे कोरलेले आहेत. जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजणही तेथे आहे. त्या मालाचे ओझे पाठीवर घेऊन ही चढण चढणाऱ्या हमालांची नावे मात्र कोणत्याही दगडावर नाहीत. पायरी चढताना त्यांची आठवण ठेवावी.

आणि सिद्धगड. माथेरानचे भाई कोतवाल वकील झाले. शेतकऱ्याला सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी त्यांनी धान्यकोठ्या काढल्या, शाळा चालवल्या. 1942 च्या लढ्यात त्यांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडले. 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आले. हे ठिकाण नुसते रम्य म्हणून पाहून परतण्याचे नव्हे.

पायथ्यापर्यंत सायकलने जावे, हे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. सायकलला तेल लागत नाही, आणि गावेही नीट पाहून होतात. पण चढाचा हिशेब समजून घ्यावा. साध्या सायकलचे पायडल एकदा फिरले की ती सुमारे पाच मीटर पुढे जाते. वीस मीटरला एक मीटर असा चढ असेल, तर त्या एका फेऱ्यात स्वार आणि सायकल मिळून 80 किलोचे ओझे पाव मीटर उचलले जाते. गिअर लावल्याने काम कमी होत नाही. ते फक्त लहान हप्त्यांत वाटले जाते. सावकाराचे हप्ते संपत नाहीत, घाटाचे संपतात, एवढाच फरक. गिअर नसेल तर उतरून सायकल ढकलावी. त्यात लाज नाही. माळशेज घाट उतरताना दोन्ही ब्रेक आलटूनपालटून दाबावेत, आणि धुक्यात किंवा भर पावसात तो रस्ता टाळावा, कारण तेथे दरडी कोसळतात.

गड चढण्यास कार्तिक ते माघ हा काळ उत्तम. सध्याच्या चैत्र-वैशाखात जायचे तर पहाटे निघावे, ऊन चढण्यापूर्वी उतरावे आणि माणशी तीन-चार लिटर पाणी घरूनच न्यावे. पाण्याविषयी हे आम्ही मुद्दाम सांगतो. माहुलीवरून तानसा तलाव दिसतो. 1892 पासून त्याचे पाणी मुंबईला जाते. मोडकसागर आणि भातसा यांचे पाणीही शहापूर तालुक्यातूनच जाते. आणि त्याच तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. आपण महिन्यातून एकदा हौसेने चढतो. तेथील ठाकर-कातकरी बाई रोज दोन वेळा हंडा घेऊन चढउतार करते. तिच्या विहिरीवर आपल्या बाटल्या भरणे हे सहलीचे नव्हे, लुटीचे लक्षण आहे.

वाटाड्याच्या मजुरीचेही तसेच. पंचवीस जणांची टोळी गावात येते, एका पोराला पुढे घालते आणि संध्याकाळी त्याच्या हातावर बिस्किटाचा पुडा ठेवते. त्याचा तो दिवस शेतातल्या किंवा वीटभट्टीवरच्या कामाचा होता. मजुरी निघण्यापूर्वी ठरवावी, आणि ती पूर्ण दिवसाची असावी. जेवण गावात करावे, त्याचे पैसे न घासता द्यावेत. माणूस कड्यावरून पडला तर रात्री बॅटऱ्या घेऊन त्याला शोधायला प्रथम तीच गावची पोरे निघतात, हे विसरू नये. म्हणून धबधब्याच्या तोंडाशी, निसरड्या कड्यावर फोटोसाठी उभे राहण्याआधी आपल्या जिवाइतकाच त्यांच्या जिवाचा विचार व्हावा. विडी-सिगारेटचे थोटूक वाळल्या गवतात पडले तर वणवा लागतो. त्यात जनावरांचा चारा जातो आणि तोही त्यांचाच.

डोंगर सर्वांचा आहे, हे म्हणण्याचा हक्क कामगाराला निश्चित आहे. पण सर्वांमध्ये डोंगराखाली राहणारा प्रथम येतो. आज कंत्राटी कामगारांपैकी अनेकांच्या नशिबी पगारी सुटी नाही. त्यांच्यासाठी माहुली अजून तितकाच दूर आहे जितका लोखंड्यांच्या काळातील गिरणीवाल्यासाठी होता. तेव्हा ज्यांना सुटी आहे त्यांनी जरूर चढावे, आणि खाली उतरल्यावर ज्यांना ती नाही त्यांच्यासाठी सभेला यावे. पायांत बळ त्यासाठीच आणायचे आहे.