कूपरेजमध्ये घडलेला खालिद

पावसाळ्यात उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या मैदानांवर क्रिकेट थांबतं आणि चिखलात फुटबॉल रंगतो. तिथल्या पोरांना मेस्सी-रोनाल्डोचे गोल तोंडपाठ असतात. खालिद जमीलचं नाव काढलं तर कितीजण ओळखतील, याची मला काळजी वाटते. आपल्याकडून सीएसएमटी लोकल पकडून मुंबईच्या ज्या कूपरेज मैदानावर पोहोचता येतं, तिथल्या फुटबॉलने हा प्रशिक्षक घडवला.

जन्म १९७७चा, कुवेतमधला. मुंबईत महिंद्रा, एअर इंडिया, पुन्हा महिंद्रा. मिडफिल्डर म्हणून भारताकडूनही खेळला. दुखापतींनी कारकीर्द आखडली. २००९मध्ये तो मुंबई एफसीचा प्रशिक्षक झाला आणि बेताच्या पैशांत संघाला वर्षानुवर्षं देशाच्या तेव्हाच्या सर्वोच्च लीगमध्ये, म्हणजे आय-लीगमध्ये, टिकवून ठेवलं. त्याचा बचावात्मक खेळ अनेकांना कंटाळवाणा वाटे. मला त्यात शहाणपण दिसतं: हाताशी जे खेळाडू आहेत, त्यांना झेपेल तेच त्याने मागितलं.

मुंबई एफसीने निरोप दिल्यावर तो मिझोरामच्या ऐझॉल एफसीकडे गेला. हा संघ आदल्या हंगामात खालच्या श्रेणीत घसरला होता. गोव्याचे क्लब बाहेर पडले म्हणून त्याला पुन्हा जागा मिळाली. जयेश राणे, आशुतोष मेहता हे मुंबईचे खेळाडूही तिथे होते. ३० एप्रिल २०१७, शिलाँग. विजेतेपदाला बरोबरी पुरेशी होती, पण शिलाँग लाजाँगच्या डिकाने सुरुवातीलाच गोल केला. उत्तरार्धात विल्यम लालनुनफेलाने तो फेडला. १-१. ऐझॉल ३७ गुण, मोहन बागान ३६. ईशान्येतला पहिला राष्ट्रीय लीगविजेता!

पुढे ईस्ट बंगाल, मोहन बागान. मग नॉर्थईस्ट युनायटेड, जिथे तो इंडियन सुपर लीगमधला (आयएसएल) पहिला पूर्णवेळ भारतीय मुख्य प्रशिक्षक ठरला. २०२३च्या अखेरीस जमशेदपूर. याच क्लबला ओवेन कॉइलने २०२१-२२मध्ये आयएसएलची लीग शील्ड जिंकून दिली होती. कॉइल स्कॉटलंडमध्ये जन्मलेला. त्याने २००९मध्ये इंग्लंडच्या बर्नलीला प्रीमियर लीगमध्ये नेलं. लहान क्लबातून मोठ्या क्लबात चढण्याच्या पायऱ्या ब्रिटनमध्ये शाबूत होत्या; खालिदच्या पायऱ्या मात्र त्याच्यामागे मोडल्या.

ऑगस्ट २०२५मध्ये खालिद भारताचा प्रशिक्षक झाला. सॅव्हिओ मेदेरानंतर तेरा वर्षांनी या जागेवर भारतीय माणूस आला. मध्य आशियातल्या काफा नेशन्स कपमध्ये ओमानला पेनल्टींवर हरवून तिसरा क्रमांक मिळाला. ऑक्टोबरमध्ये मात्र मडगावात सिंगापूरने २-१ने हरवलं आणि आशियाई चषकाची वाट बंद झाली. हा पराभव मला लागला, तरी त्याचं खापर एकट्या खालिदवर फोडणं अन्याय्य आहे.

त्याला घडवणारे क्लबच आता उरलेले नाहीत. महिंद्रा युनायटेड २०१०मध्ये बंद झाला, मुंबई एफसी २०१७मध्ये. पहिल्याने खालिदला खेळाडू म्हणून पगार दिला, दुसऱ्याने प्रशिक्षक म्हणून चुका करण्याची मुभा. बदलापूरच्या एखाद्या पोराला आज त्याच वाटेने जायचं असेल, तर हे दोन्ही दरवाजे बंद आहेत.