साल्वादोर : रंगीत घरांचा चढ

ब्राझीलच्या बाहिया राज्यात, अटलांटिक महासागराच्या काठी साल्वादोर हे जुने बंदर आहे. पोर्तुगिजांनी ते १५४९ साली वसविले आणि १७६३ पर्यंत तीच ब्राझीलची राजधानी होती. शहर दोन मजली म्हणावे असे. खाली बंदर व बाजार, वर कड्यावर वस्ती. दोन्ही जोडणारी ७२ मीटर उंचीची लासेर्दा लिफ्ट १८७३ साली सुरू झाली. गुलामी कायद्याने बंद झाली १८८८ साली. आम्ही हिशेबाची माणसे. वजाबाकी केली तर लिफ्ट पंधरा वर्षे आधी आली! त्यापूर्वी या चढावर मालाची ओझी आणि मालकांच्या पालख्या वाहिल्या त्या आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांनी.

वर गेले की पेलोरीन्यो. निळी, पिवळी, गुलाबी घरे, दगडी उतार, चर्चचे मनोरे. पण वाचक हो, पेलोरीन्यो म्हणजे काय? माणसाला बांधून चारचौघांत फटके मारण्याचा खांब. शहराच्या सर्वांत देखण्या भागाला हेच नाव राहिले, कोणी ते पुसले नाही. आमच्या मते बरेच झाले.

त्याच उतारावर काळ्या लोकांचे निळे चर्च आहे. गोऱ्यांच्या धर्मसंघांत त्यांना बरोबरीची जागा नव्हती, म्हणून गुलाम आणि मुक्त झालेल्या काळ्यांनी आपले स्वतःचे बांधायला घेतले. काम १७०४ साली सुरू झाले आणि पुरे व्हायला जवळजवळ शंभर वर्षे लागली. कारण मालकाचे काम आटोपून उरेल त्या वेळात हे लोक तिथे राबत. आजही तिथल्या प्रार्थनेत ढोल वाजतो.

चौकात पांढरा घोळदार झगा आणि डोक्याला फडके बांधलेल्या बायका कढई मांडून बसतात. चवळी भिजवायची, साले काढायची, वाटून कांदा-मीठ घालून खूप फेसायची आणि लालसर पाम तेलात वडे तळायचे. हा आकाराजे. वडा चिरून आत सोडे आणि झणझणीत तिखट भरतात. आमच्या भगिनींना कृती वेगळी समजावून सांगायला नकोच. गुलामीच्या काळात असे पदार्थ विकून बायका मालकाचा हिस्सा चुकता करीत, आणि मागे टाकलेल्या पैशातून काहींनी स्वतःला व लेकरांना विकत घेऊन सोडविले. २००५ साली ब्राझील सरकारने या धंद्याची राष्ट्रीय वारसा म्हणून नोंद केली.

घरांवरचा हा ताजा रंग मात्र फार जुना नाही. १९८५ साली युनेस्कोने या भागाला जागतिक वारसा ठरविले. १९९२ पासून सरकारने पडके वाडे दुरुस्त करून रंगविले. त्यांत राहणाऱ्या हजारो गरीब, बहुतांशी काळ्या रहिवाशांच्या हातावर थोडी रक्कम टेकवून त्यांना बाहेर काढले. राहत्या खोल्यांची दुकाने आणि हॉटेले झाली. उरलेल्या भागाची पाळी आली तेव्हा रहिवाशांनी संघटना बांधली, कायद्याची वाट धरली, आणि २००५ साली सरकारला लेखी कबूल करावे लागले की शंभरेक कुटुंबांना तिथेच दुरुस्त घरे मिळतील. घराची किल्ली हाती पडेपर्यंत त्यांना पुढे वर्षानुवर्षे चकरा माराव्या लागल्या.