बर्फावरील रेघांचें वाचन

बर्फावर घसरत नर्तन करण्याची कला, जिला फिगर स्केटिंग म्हणतात, ती पुस्तकावरून शिकतां येईल काय, अशी शंका वाचकांस साहजिकच येईल. पुस्तक वाचून पोहणें येत नाहीं. मग हें कसें यावें? तथापि या कलेचे शिक्षणग्रंथ बरेच जुने आहेत. रॉबर्ट जोन्स नामक इंग्रज सैनिकाचा ग्रंथ १७७२ सालीं लंडन येथें प्रसिद्ध झाला. या विषयावरील तो पहिला ज्ञात ग्रंथ होय.

अशा ग्रंथांचा उपयोग कळण्यास स्केटची रचना पाहिली पाहिजे. बुटाखालील पोलादी पात्याच्या तळास लांबट खोलगट खांच असते; तिच्यामुळें पात्यास आंतली व बाहेरली अशा दोन धारा प्राप्त होतात. शरीराचा भार एका धारेवर कलला, कीं स्केट बांकदार वाट धरतो व बर्फावर एकच वक्र रेघ उमटते. दोन समांतर रेघा दिसल्या, तर पाऊल सपाट पडलें असें समजावें. एका पायावर पुढें जातां जातां वळून मागें जाऊं लागल्यास धार बदलते, आणि ३ च्या अंकासारखी खूण मागें राहते. जुन्या पुस्तकांतील आकृति याच रेघांच्या असत. विद्यार्थ्यानें मागें वळून आपली रेघ पाहावी व ती छापील आकृतीशीं ताडावी. हात कसा होता यास साक्षीदार नसतो. पायाचा हिशेब मात्र बर्फावर लिहिलेला असतो!

एकेकाळीं स्पर्धेंतील साठ टक्के गुण या आकृतींनाच असत. पुढें १९९० सालानंतर जागतिक स्पर्धांतून त्या वगळण्यांत आल्या, व त्यांबरोबर रेघ वाचण्याची संवयहि बहुतांशीं सुटली.

हल्लीं चलच्चित्रें विपुल मिळतात. आक्सेल पॉल्सेन यानें १८८२ सालीं व्हिएन्ना येथें दाखविलेली उडी, जींत पुढें तोंड करून उडावें व दीड फेरा घेऊन पाठमोरें उतरावें लागतें, ती पुस्तकाच्या दहा पृष्ठांपेक्षां मंद गतीच्या चित्रांत अधिक स्पष्ट कळते. पण दुरून घेतलेल्या चित्रांत धार दिसत नाहीं, आणि चूक बहुधा तेथेंच असते. यास्तव, माझ्या मतें, उडीसाठीं चित्र व धारेसाठीं जुनें पुस्तक जवळ असावें. पडावें कसें हें मात्र शिक्षकाकडूनच शिकावें. अभ्यासास बर्फ नुकताच गुळगुळीत केलेला असेल अशी वेळ साधावी. गर्दी झाल्यावर शेंकडों रेघांत आपली कोणती, हें ओळखूं येत नाहीं.