खारे पाणी, गोडे पाणी

अमरावती शहराच्या पश्चिमेस भातकुली हे तालुक्याचे गाव आहे. गावाभोवती काळीभोर, सपाट जमीन दूरवर पसरलेली आहे. पावसाळ्यात तिच्यावर कपाशी आणि तूर डोलताना पाहिली म्हणजे येथे पाण्याला काय उणे, असे एखाद्या प्रवाशास वाटेल. परंतु विहिरीच्या पाण्याचा एक घोट घेताच त्याचा हा भ्रम दूर होतो. ते पाणी मचूळ, कित्येक ठिकाणी तर चांगलेच खारट लागते. सातपुड्यात उगम पावून तापीस मिळणाऱ्या पूर्णा नदीच्या खोऱ्यातील या प्रदेशास खारपाणपट्टा म्हणतात. अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत तो पसरला आहे. येथे जमिनीखाली गाळाचे जाड थर आहेत. त्यांतून पाण्याचा निचरा फार मंद होतो आणि पाण्यात विरघळलेले क्षार तेथेच साठून राहतात.

अशा पाण्यात साबणास फेस येत नाही आणि तुरीची डाळ लवकर शिजत नाही. पाणी उकळल्याने रोगजंतू मरतात. पण मीठ जेथल्या तेथे राहते. कापडाने गाळल्याने गाळ निघतो. पण विरघळलेले मीठ कापडातून सहज निसटून जाते. म्हणूनच धरणाचे पाणी नळाने आणण्याच्या योजना या भागास मोलाच्या वाटतात. जेथे नळाचे पाणी पुरत नाही आणि विंधनविहिरीवर भिस्त ठेवावी लागते, तेथे पुष्कळ घरांत भिंतीवर एक जलशुद्धियंत्र टांगलेले दिसते. लोक त्याला ‘आर.ओ.’ म्हणतात.

या यंत्राचे रहस्य एका पातळ पटलात आहे. १७४८ साली नोले या फ्रेंच शास्त्रज्ञाने डुकराच्या मूत्राशयाची पिशवी मद्यार्काने भरून पाण्यात ठेवली, तेव्हा बाहेरचे पाणी आत शिरून ती फुगली. पटलातून पाणी असे आपोआप दाट द्रावणाकडे जाते, या क्रियेस परासरण म्हणतात. दाट द्रावणावर पुरेसा दाब दिला, तर हीच क्रिया उलट होते. पाणी पटलापार जाते आणि क्षार मागे राहतात. या तत्त्वावर चालणारे कामाचे पटल लोब आणि भारतीय वंशाचे सौरिराजन या दोघा शास्त्रज्ञांनी १९५९-६० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठात तयार केले. १९६५ साली त्याच प्रांतातील कोलिंगा या गावी अशा पटलांनी गावाचे पाणी गोडे करण्यास आरंभ झाला.

घरच्या यंत्रात पाण्याची वाट ठरलेली असते. प्रथम ते गाळ अडविणाऱ्या गाळणीतून जाते, नंतर कोळशाच्या गाळणीतून. कोळसा दुर्गंध व क्लोरीन शोषून घेतो. क्लोरीन पुढे गेल्यास नाजूक पटलाची हानी होते. मग विजेचा पंप दाब देऊन पाणी पटलावर ढकलतो. पटलापार गेलेले गोडे पाणी टाकीत साठते आणि उरलेले दाट खारे पाणी दुसऱ्या नळीने बाहेर पडते.

ही वाट ज्यास ठाऊक असते, त्यास यंत्राचा दोष शोधणे कठीण जात नाही. भातकुलीतील एखाद्या घराची कल्पना करावी. एके सायंकाळी त्या घरातील आजी म्हणतात, “डाळ काही शिजून नाही राह्यली, पाणी बदललं दिसते बापा.” नात क्षारमापक आणून पाहते, तो शुद्ध म्हणविल्या जाणाऱ्या पाण्यात दर लिटरला ७०० मिलिग्रॅम क्षार भरतात! विहिरीच्या पाण्यात ते १,८०० असतात. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात ते ५०० पर्यंत असावेत. दुसरे पाणी मिळतच नसेल, तरच २,००० पर्यंत चालवून घेतात. पटल सुस्थितीत असते, तर १,८०० चे सुमारे ९० व्हावयास हवे होते. घरातील कोणी म्हणते, “पटल गेले, नवे आणा.” परंतु पटल महाग असते. तपासल्याशिवाय ते टाकून देणे शहाणपणाचे नव्हे.

यंत्र पुष्कळ वेळ बंद राहिले, तर पटलापार थोडे क्षार झिरपतात. म्हणून नात प्रथम पाच मिनिटे पाणी वाहू देऊन पुन्हा मोजते. अंक फारसा उतरत नाही. कित्येक यंत्रांत चवीसाठी थोडे कच्चे पाणी मिसळणारा स्क्रू असतो. तोही बंदच आढळतो. मग विजेचा प्लग काढून व पाण्याची तोटी बंद करून वडील पटलाचे नळकांडे उघडतात. मागच्या आठवड्यात सफाई करताना पटलाच्या टोकाची रबरी कडी वेडीवाकडी बसलेली असते आणि तिच्या फटीतून खारे पाणी गोड्यात मिसळत असते. कडी नीट बसवून पहिली टाकीभर पाणी सोडून दिल्यावर क्षारमापक शंभराच्या आत येतो. दोष एवढ्याशा कडीचा; शिक्षा मात्र पटलास होणार होती!

इतर दोषही याच रीतीने उमगतात. पाणी थेंबथेंब येत असेल, तर बाहेर पडणाऱ्या खाऱ्या पाण्याकडे पाहावे. तेही क्षीण असेल, तर अडथळा पटलाच्या अलीकडे असतो : गाळणी तुंबलेली असते, विजेचा दाब कमी असतो किंवा वरची टाकी रिकामी असते. खारे पाणी भरपूर आणि गोडे मात्र अल्प असेल, तर पटलावर क्षारांचे कीट चढल्याचा संशय घ्यावा. पाण्यास वास येत असल्यास कोळसा निकामी झालेला असतो किंवा टाकी अस्वच्छ असते. टाकी भरूनही खारे पाणी वाहतच राहिले, तर प्रवाह थांबविणारी झडप बिघडलेली असते.

काही लोक पाणी वाया जाते म्हणून खाऱ्या पाण्याची नळी दाबून बंद करतात. हे मात्र कदापि करू नये. क्षारांना बाहेर पडण्यास वाट उरली नाही, म्हणजे ते पटलावरच बसतात. क्षारमापकावर आंधळा विश्वास ठेवणेही घातक आहे. तो रोगजंतू दाखवीत नाही आणि क्षार कोणते आहेत हेही सांगत नाही. त्यासाठी पाण्याचा नमुना प्रयोगशाळेतच तपासून घ्यावा लागतो.

यंत्र मीठ नाहीसे करीत नाही. ते केवळ एका बाजूस सारते. चार लिटर पाण्यातून एक लिटर गोडे पाणी निघाले, तर १,८०० मिलिग्रॅमच्या पाण्याचे उरलेले तीन लिटर सुमारे २,३७० मिलिग्रॅमचे होतात. ते पाणी फरशी पुसण्यास व शौचालयात वापरावे. परसातील भाजीच्या वाफ्यांना नित्य घालू नये. या काळ्या जमिनीत त्यातील सोडियम साचत गेल्यास माती चिकट व टणक बनते आणि पाणी मुरेनासे होते.

आजींनी डाळीवरून पाणी ओळखले आणि नातीने त्याचे माप घेतले. अनुभवाने शंका घ्यावी, मापाने ती पडताळावी आणि मग पाण्याच्या वाटेने पायरीपायरीने जावे, म्हणजे दोष आपोआप हाती येतो. ज्या भूमीत गोड्या पाण्याचा प्रत्येक तांब्या कष्टाने मिळतो, तेथे एवढी दक्षता प्रत्येक घराने बाळगावयास हवी.