एक किलो म्हणजे किती?

मुलांनो, आपण दुकानातून एक किलो तांदूळ आणतो. मालेगाव असो, नागपूर असो की दिल्ली, किलो सगळीकडे सारखाच असतो. पूर्वी असे नव्हते. तेव्हा तोळा, छटाक, शेर आणि मण ही वजने चालत. सरकारी शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा होता. पण गावोगावचे शेर निराळे असत. त्यामुळे शेतकरी आणि गिऱ्हाईक दोघेही फसत.

ही अडचण दूर करण्यासाठी १९५६ साली कायदा झाला आणि १९५८ पासून देशात दशमान वजने टप्प्याटप्प्याने वापरात आली. त्यांचा हिशेब सोपा आहे. १००० मिलिग्रॅमचा १ ग्रॅम, १००० ग्रॅमचा १ किलोग्रॅम, १०० किलोग्रॅमचा १ क्विंटल आणि १० क्विंटलांचा १ मेट्रिक टन होतो. औषधाची गोळी मिलिग्रॅममध्ये, तर कापूस क्विंटलमध्ये मोजतात.

किलोग्रॅम नेमका केवढा, हे कोण ठरवते? १८८९ पासून पॅरिसजवळ ठेवलेला प्लॅटिनम व इरिडियम या धातूंचा ठोकळा हेच जगाचे प्रमाण होते. पण ठोकळ्यात सूक्ष्म फरक पडू शकतो. म्हणून २० मे २०१९ पासून किलोग्रॅम प्लांकच्या स्थिरांकावरून ठरवतात. हा अंक कधी बदलत नाही.

'वजन' हा शब्द उर्दूतही आहे. विज्ञानात मात्र वस्तुमान आणि वजन वेगळे मानतात. वस्तूत किती द्रव्य आहे, ते वस्तुमान. ते किलोग्रॅममध्ये मोजतात. पृथ्वी वस्तूला किती जोराने ओढते, ते वजन. ते न्यूटनमध्ये मोजतात. चंद्रावर नेलेल्या एक किलो साखरेचे वजन सुमारे सहाव्या हिश्शाइतके होईल, पण साखर तेवढीच राहील.

खरेदी करताना काही गोष्टी लक्षात ठेवा. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा होता. आज बाजारात १० ग्रॅमलाही तोळा म्हणतात. म्हणून सोने घेताना भाव ग्रॅममध्ये विचारा. मिठाईच्या वजनात खोक्याचे वजन धरू देऊ नका. तराजूचा काटा किंवा आकडा आधी शून्यावर आहे का, ते पाहा. पुड्यावर 'निव्वळ वजन' लिहिलेले असते, तेही वाचा. माप पुरे देणे हे दुकानदाराचे कर्तव्य आहे आणि ते पाहून घेणे हा आपला हक्क आहे.