ग्रूट आयलंडचे राखणदार

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला कार्पेंटारियाच्या आखातात, आर्नहेम लँडच्या किनाऱ्यापासून सुमारे ५० किलोमीटरवर ग्रूट आयलंड हे बेट आहे. डच दर्यावर्दी आबेल तास्मान याने १६४४ मध्ये त्याला हे नाव दिले. अनिंदिल्याक्वा लोकांची वस्ती तिथे त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. त्यांची चौदा कुळे असून जमिनीचा आणि समुद्राचा कोणता भाग कोणत्या कुळाचा, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहे. १९७६ च्या आदिवासी भूमी हक्क कायद्याने जमिनीच्या मालकीला सरकारी मान्यता मिळाली.

आंगुरुगू आणि उंबाकुंबा ही बेटावरची आदिवासी गावे. तिसरे गाव, मिल्याकबुरा, शेजारच्या बिकरटन बेटावर आहे. घरात अनिंदिल्याक्वा बोलली जाते, इंग्रजी मुले शाळेत शिकतात. पीठ, साखर, इंधन, गाड्यांचे सुटे भाग, सारे बार्जमधून येते, त्यामुळे दुकानातले भाव चढे असतात. तरीही मासे, खेकडे आणि कासवाची अंडी लोक स्वतः मिळवतात ते केवळ पैसे वाचवायला नव्हे. कोणत्या ऋतूत काय पकडायचे आणि काय सोडायचे, हे मुले तिथेच, थोरांच्या सोबतीने शिकतात. सुलावेसी बेटाचे मकासारी खलाशी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत समुद्रकाकडी या समुद्री प्राण्यासाठी इथे येत असत. त्यांच्यामुळे रुजलेली चिंचेची झाडे किनाऱ्यावर आजही दिसतात.

२००६ मध्ये या द्वीपसमूहाला आदिवासी संरक्षित क्षेत्राचा दर्जा मिळाला. त्याची राखण अनिंदिल्याक्वा रेंजर करतात, आणि त्यात स्त्रियाही आहेत.

त्यांच्या कामातले सर्वांत नाजूक काम धक्क्यावरचे. उसावरच्या किडीचा बंदोबस्त म्हणून १९३५ मध्ये क्वीन्सलँडमध्ये केन टोड हा विषारी भेक सोडण्यात आला. किडीचे काही बिघडले नाही. भेक मात्र उत्तर ऑस्ट्रेलियाभर पसरला. त्याला खाऊन नॉर्दर्न क्वोल हा ठिपकेदार, मांसाहारी शिशुधानी प्राणी मुख्य भूमीवर अनेक ठिकाणी नाहीसा झाला. ग्रूट आयलंडवर भेक अजून रुजलेला नाही, म्हणून क्वोल तिथे तग धरून आहे. पण ज्या बार्जमधून गावाचा किराणा येतो, त्याच मालात लपून भेकही येऊ शकतो. आलेला माल म्हणूनच तपासावा लागतो. मादी एका वेळी हजारो अंडी घालत असल्याने ही खबरदारी एक दिवसही सैल ठेवून चालत नाही.

दुसरा शत्रू लाटांबरोबर येतो. मासेमारी जहाजांनी गमावलेली किंवा टाकून दिलेली नायलॉनची जाळी आखातात फिरत राहतात आणि त्यांत कासवे अडकतात. कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालतात त्याच ऑलिव्ह रिडले जातीची कासवेही त्यांत असतात. रेंजर अडकलेले जनावर सोडवतात आणि वाळूत रुतलेली जाळी कापून, गाडीने ओढून बाहेर काढतात. हे काम दरवर्षी नव्याने करावे लागते, कारण जाळी सुटतात ती दूरच्या समुद्रात.

पावसाळा सरल्यावर, गवतात ओल असतानाच रेंजर ठिकठिकाणी लहान आगी लावतात. पुढच्या कोरड्या महिन्यांत त्यामुळे मोठा वणवा पसरत नाही. कुठे आणि केव्हा जाळायचे, हे त्या जमिनीच्या कुळातल्या जाणत्यांना विचारून ठरते. हवामानाच्या नोंदी आणि उपग्रहाचे नकाशे जोडीला असतात.

बेटावर १९६० च्या दशकापासून मँगनीजची मोठी खाण चालते. तिच्या रॉयल्टीवर गावांचा बराच खर्च भागतो, पण खनिजाचा साठा कधीतरी संपणार आहे. खाणीनंतरही गावातल्या तरुणांना बेटावर राहून पगार मिळावा, यासाठी रेंजरच्या नोकऱ्या तिथे महत्त्वाच्या मानल्या जातात.