पोथीच्या पेटीचे कोपरे

हस्तलिखितांचा संग्रह करणारे आपण पोथीची पाने मोजतो, पुष्पिका उतरून घेतो, लेखनकालाचा निर्णय करतो. परंतु ज्या पेटीत ती पोथी राहिली तिच्याकडे सहसा दृष्टी वळत नाही. पेटी खिळखिळी झाली तर चार खिळे ठोकावे, फारच मोडली तर सरपणात टाकावी, अशी आपली रीत.

प्रस्तुत लेखकाच्या हातूनही हा प्रमाद घडला आहे. चोपड्यास आमच्या घरी पोथीची एक सागवानी पेटी होती. तिच्या प्रत्येक कोपऱ्यावर शिसवाच्या पाच काळ्या रेघा होत्या. त्यांस मी केवळ नक्षी समजत असे. कोपरे सुटू लागले तेव्हा मी लोखंडी खिळे ठोकले. पुढील दोन पावसाळ्यांत खिळे गंजले, फळी त्याच रेषेत चिरली आणि तांबूस डाग बासनातून पानांपर्यंत गेले. पेटी उकलून पाहता कळले की, ज्या रेघांस मी नक्षी म्हणत होतो तेच पेटीचे बंधन होते.

लाकूड ओलाव्याने रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाही. शिवाय फळीच्या टोकाशी तंतू तुटलेले असल्याने तेथे सरस नीट धरत नाही. चोपड्याकडे वैशाखात कडक ऊन व आषाढात दमट हवा. या फेऱ्यात नुसता चिकटविलेला कोपरा टिकत नाही. सांध्याचे हे महत्त्व आपल्या शिल्पग्रंथकारांस पूर्ण अवगत होते. ‘मानसार’ व ‘मयमत’ या दोन्ही ग्रंथांत संधिकर्मावर स्वतंत्र अध्याय असून मेषयुद्ध, नंद्यावर्त, सर्वतोभद्र अशी सांध्यांची नावे आढळतात. ते विवेचन मुख्यतः इमारती लाकडाचे असले, तरी जोड लाकडानेच लाकडास बांधावा हे तत्त्व पेटीसही लागू पडते.

आता कृती. १२ इंच लांब व ५ इंच रुंद पानांच्या पोथीस आतून १३ × ६ इंचांची पेटी पुरते. अर्धा इंच जाडीची, चांगली सुकलेली एकच सागवानी फळी घ्यावी. जुन्या धाब्याच्या मोडीतले लाकूड उत्तम. चारही बाजूंचा बाहेरील घेर ४२ इंच होतो. कापणीची घट धरून ४५ इंच लांबी असावी. बाजू ओळीने कापाव्या, म्हणजे लाकडाची रेषा एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर वळत जाते. टोके ४५ अंशांत छाटावी. तळाची फळी आतील खाचेत मोकळी बसवावी, तीस सरस लावू नये. नाहीतर ती फुगताच कोपरे उघडतात.

चौकट गरम सरसाने जोडून वाळल्यावर प्रत्येक कोपऱ्याच्या धारेवर बारीक दातांच्या करवतीने पाच चिरा घ्याव्या. त्यांची खोली अर्ध्या इंचाहून किंचित कमी असावी, म्हणजे त्या आत उघडत नाहीत. चिरा एकीआड एक वर व खाली तिरक्या असाव्या. त्यांत शिसवाच्या पातळ पट्ट्या, रेषा आडवी ठेवून, सरसासह घट्ट बसवाव्या व वाळल्यावर रंध्याने सपाट कराव्या. आता सरसास तंतूंचे लांब अंग धरावयास मिळते. आणि पट्ट्या परस्परविरुद्ध तिरक्या असल्याने कोपरा ओढला असता त्या एकमेकींस आवळतात. सरसाचा गुण असा की, उष्णता व ओलावा देऊन तो पुढे सोडविताही येतो. पोथी मात्र धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती बासनातच ठेवावी. खळीने कीड येते, व लाकडाची आम्ल वाफ पानांस थेट लागू नये.

धुळ्यास १९२७ साली राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले, तेव्हापासून खानदेशात कागद जपण्याची परंपरा दृढ आहे. संग्राहकांस विनंती इतकीच की, पोथीच्या नोंदीत पेटीचीही एक ओळ असावी: लाकूड कोणते, कोपरा कसा, खिळे मूळचे की मागाहूनचे. पेट्या बदलत असत, म्हणून पेटीवरून पोथीचा काळ ठरवू नये; परंतु पोथी कोणी किती आस्थेने जपली, याची साक्ष कोपरा देतो. ती साक्ष आम्ही एकदा खिळ्याने बुजविली. इतरांनी तसे करू नये, एतदर्थ हा लेखनप्रपंच.